वारा फिरला तेव्हा आम्ही धारेवर होतो

होळी होऊन चारच दिवस झाले होते आणि आमच्या ग्रुपवर नेहमीचा वाद पेटला होता, आता उन्हात कुठं जायचं, जून येऊ दे मग बघू. मी हट्टाने पेब लावून धरला. पेब म्हणजे विकटगड, नेरळच्या डोक्यावर, माथेरानच्या डोंगराला एका अरुंद धारेने जोडलेला, आणि मला ती धारच चालायची होती. पावसाळ्यात दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा ढगात, पुढच्याची सॅक सोडून काही दिसलं नव्हतं. पावसाळी सह्याद्री सुंदर असतो हे मान्यच, पण डोंगर कसा उभा आहे, कोण कुणाला चिकटलंय, पाणी कुठून कुठं जातं हे बघायचं असेल तर गवत वाळल्यावरच यावं.

शेवटी पाच जण झालो. पहाटेची कर्जत लोकल, मी दादरला चढले, ठाणेकर नवरा-बायको ठाण्याला, डोंबिवलीकर डोंबिवलीला, आणि आमची डॉक्टर मैत्रीण नाइट ड्यूटी संपवून थेट कल्याणला, गाडीत बसल्या बसल्या खिडकीला डोकं टेकून झोपली.

नेरळला उतरलो तर स्टेशनावरच वारा. कोरडा, पूर्वेकडून येणारा, धूळ घेऊन. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे असा एक धडा असायचा, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई. मार्चमध्ये मुंबईचं सगळं त्याच्यावर चालतं. पूर्वेचा वारा सकाळी हटला नाही आणि समुद्राचा वारा यायला उशीर झाला की पारा भराभर चढतो, मग आपण म्हणतो आज काय मरणाचं उकडतंय. त्या दिवशी पूर्वेचा वारा चांगलाच जोरात होता, म्हणजे दुपार तापणार हे नक्की होतं. बरं झालं, प्रत्येकाने चार लिटर पाणी घेतलंच पाहिजे असं मी सगळ्यांना आदल्या रात्रीच बजावलं होतं. गडावर पाण्याची टाकी आहेत, पण मार्चात त्यांच्या भरवशावर कुणी जाऊ नये.

विजेच्या मोठ्या टॉवरांच्या बाजूने वाट चढते. पळस बहरात होता, एकही पान नाही आणि अख्खं झाड केशरी, आणि वर एक काटेसावर, लाल फुलांवर मैना आणि कोतवाल यांची नुसती झुंबड. करवंदीला पांढरी फुलं आलेली, जाळीजवळून गेलं की गोड वास यायचा आणि पुढच्याच क्षणी वारा तो पळवून न्यायचा. सरपणाची मोळी घेऊन एक मावशी उतरत होत्या. कुठं चाललात विचारलं त्यांनी, आम्ही म्हटलं गडावर आणि मग धारेने माथेरान. त्या मोळी न उतरवताच म्हणाल्या, "वारा लई हाय आज. धारंवर उभं राहू नका, बसून जावा. दुपारी फिरंल तो."

थोडं वर गेल्यावर एक अख्खा उतार काळा दिसला. वणवा. कारवीच्या काड्या जळून कोळसा झालेल्या, मधेच एखादा हिरवा कोंब. डोंबिवलीकराने चहासाठी छोटा स्टोव्ह आणला होता, मी तिथंच सांगितलं की तो सॅकमधून बाहेर निघणार नाही, मला वाईटपणा आला तरी चालेल. वाळलेलं गवत आणि हा असा वारा, एक ठिणगी खिंडीतून पलीकडे कधी जाईल कळणारही नाही, आणि खाली वाड्या आहेत. त्याला ते पटलं. काही न बोलता तो बराच वेळ त्या काळ्या उताराकडे बघत होता.

घळीतून चढताना वारा पूर्ण बंद, घामाने पार भिजलो. आणि खिंडीत डोकं बाहेर काढलं तर असा थपडेसारखा आला की ठाणेकरणीची टोपी क्षणात गेली, आम्ही सगळे बघतोय आणि ती पनवेलच्या बाजूला तरंगत तरंगत ठिपका होईपर्यंत.

गुहेच्या सावलीत थालीपीठ, ठेचा, काकडी, कलिंगड. मग वर दत्ताच्या पादुकांपाशी. आणि इथून जे दिसलं त्यासाठी मी आले होते! उत्तरेकडे नाखिंद, त्यामागे चंदेरीचा सुळका, दक्षिणेला माथेरानचा लांबलचक माथा, नैऋत्येला प्रबळगड, पूर्वेला उल्हास नदीचं खोरं आणि त्यापलीकडे भीमाशंकरची भिंत. कड्यांवर लाव्ह्याचे थर वहीच्या रेघांसारखे आडवे दिसत होते, एकावर एक, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. पावसाळ्यात हे सगळं हिरव्याखाली आणि ढगाखाली असतं. डॉक्टर झोप विसरून बोटाने थर मोजत बसली होती.

१२ वाजता आईचा फोन आला. पोचलीस का, जेवलीस का, आणि मग, "अगं, इकडे आत्ता वारा सुटला बघ समुद्रावरून, तुझ्या खोलीची खिडकी केवढ्याने आपटली." आमचं घर प्रभादेवीला, समुद्रापासून चालत दहा मिनिटं. मी म्हटलं इथं अजून पूर्वेचाच आहे. फोन ठेवला आणि मनात आलं, तोच वारा इथं येणार, किती वेळात येईल?

खरी परीक्षा लोखंडी शिडीवर. एरवी ती काही अवघड नाही, पण वाऱ्यात सॅक शिडासारखी फुगते आणि तुम्हाला बाजूला ओढते. ठाणेकर मधल्या पायरीवर थांबला तो थांबलाच. दृष्टीभय, म्हणजे खोल दरी बघून वाटणारी भीती, कुणालाही होऊ शकतं, त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, पण त्या वेळी ते त्याला सांगून उपयोग नव्हता. त्याची बायको वरून म्हणाली, "अरे, दरीकडे नको, माझ्याकडे बघ. वारा जोरात आला की धरून थांब, कमी झाला की एक पायरी." आणि खरंच, जोराच्या दोन झोतांमध्ये पाच-सहा सेकंद मिळायचे. त्या हिशोबाने तो उतरला. आम्ही बाकीचे त्याच हिशोबाने उतरलो, सॅक दोरीने खाली सोडून.

पुढे धार. काही जागी एक माणूस जेमतेम चालेल एवढीच, डावीकडे नेरळ, उजवीकडे पनवेलची बाजू, पायाखाली घसारा, म्हणजे सुटी, घसरणारी माती. मावशींचं ऐकून अरुंद जागा आम्ही बसून पार केल्या. आणि दोनच्या सुमाराला वारा पडला. एकदम. गवताचं पातं हलेना, कानातला तो सततचा आवाज गेला आणि खालच्या वाडीतला कोंबडा ऐकू आला. ऊन डोक्यात शिरत होतं. एकमेकांकडे बघत पाचही जण होतो तिथं बसून राहिलो, पंधरा मिनिटं असतील किंवा वीस. मग उजव्या गालाला काहीतरी गार लागलं.

आधी हलकं, मग सगळं गवत एका दमात पूर्वेकडे झुकलं. सकाळपासून ते पश्चिमेकडे झोपलेलं होतं! हवेला ओल होती, ओठांना जाणवेल इतकी. दरीतून एक घार पंख न हलवता आमच्या उंचीला आली आणि तशीच वर निघून गेली. मी ओरडलेच, आला, घरून आला! आईच्या खिडकीवर आपटून, दादर, कुर्ला, पनवेल करत दोन तासांत इथं. तोच झोत असेल असं छातीठोक कोण सांगणार, पण मला तो आमच्याच घरचा वाटला आणि ठाणेकराने शर्टाची वरची बटणं उघडून डोळे मिटून घेतले.

तिथून चढून मिनी ट्रेनच्या रुळांपाशी आलो. १९०७ सालची ही दोन फुटी लाइन, २०१९ च्या पावसात वाहून गेल्यावर तीन वर्षं बंद होती, आता परत गाडी धावते, त्यामुळं वेळा बघून आणि कान उघडे ठेवून कडेकडेने चाललो. कड्यावरच्या गणपतीला नमस्कार केला. दस्तुरीला, म्हणजे माथेरानच्या गाडीतळावर, लिंबू सरबत, प्रत्येकी दोन दोन, आणि शेअर टॅक्सीने खाली.

रात्री घरी पोचले तर खिडकी सुतळीने गजाला बांधलेली होती. आई म्हणाली, दिवसभर आपटत होती, आत्ता जरा शांत झाली. मी सुतळी सोडली.