आमची वाटचाल : फ्लास्ककडून जँगोकडे

कोल्हापूर जिल्ह्यातील गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचा आणि बिलांचा हिशेब ठेवणारी प्रणाली पुरवणे, हा आमचा व्यवसाय आहे. सभासदाच्या दुधाचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) नोंदवले जावे, दरपत्रकानुसार रक्कम निघावी आणि दर दहा दिवसांनी बिल छापून मिळावे, एवढीच मागणी सुरुवातीला होती. त्यासाठी फ्लास्क, म्हणजे पायथॉन भाषेत वेब-प्रणाली बांधण्याचा तयार सांगाडा (फ्रेमवर्क), पुरेसे होते. आर्मिन रोनाखर यांनी २०१० साली एप्रिल फूलच्या थट्टेतून जन्माला घातलेले हे फ्रेमवर्क मुळातच आटोपशीर आहे. आमची पहिली आवृत्ती दोघांनी मिळून एकाच फाइलमध्ये लिहिली आणि ती चाललीही.

पुढे लॉगिनसाठी एक एक्स्टेन्शन (वरून जोडायचा भाग) आले, फॉर्मसाठी दुसरे, डेटाबेससाठी एसक्यूएलअल्केमी आणि टेबलांतील बदलांसाठी अलेम्बिक. प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी उत्तम होती, पण त्यांची मोट बांधण्याचे काम आमच्याच माथी होते. एकाची नवी आवृत्ती घेतली की दुसरे रुसत असे. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला एखादी गोष्ट कुठे लिहिली आहे, हे मला विचारल्याशिवाय कळत नसे. या सगळ्या सोयी एकत्रच देणारे पायथॉनमधले दुसरे फ्रेमवर्क म्हणजे जँगो; आम्ही जँगोच बांधत होतो, तेही अर्धवट, हे मान्य करायला मला बराच काळ लागला.

एप्रिल २०२३ मध्ये जँगोची ४.२ ही आवृत्ती आली. तिला तीन वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळणार होत्या, आणि तेव्हा आम्ही निर्णय घेतला. तरुण सहकाऱ्यांचा ओढा फास्टएपीआय या आणखी एका फ्रेमवर्ककडे होता. मात्र आमचे काम नोंदी, याद्या आणि दुरुस्तीच्या पडद्यांचे. जँगो घडले तेच मुळी अमेरिकेतील कॅन्सास राज्यात, लॉरेन्स शहरातील एका वृत्तपत्राच्या कचेरीत, आणि त्याचा ॲडमिन विभाग मजकूर भरणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी बनला. संस्थेच्या सचिवांची गरज याहून फारशी वेगळी नाही.

दोन्ही प्रणाली काही काळ एकाच पोस्टग्रेस डेटाबेसवर शेजारी शेजारी चालवल्या. जँगोच्या ‘इन्स्पेक्टडीबी’ या आज्ञेने जुन्या टेबलांवरून मॉडेल (टेबलांचे कोडमधील वर्णन) तयार झाले आणि जँगोने त्या टेबलांच्या रचनेला हात लावू नये, अशी सूचना त्यातच होती. दोहोंची सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) वेगवेगळी असल्यामुळे दोनदा लॉगिन करावे लागे. म्हणून आधी फक्त आमच्या कचेरीत वापरले जाणारे पडदे हलवले, म्हणजे तो ताप सचिवांना झाला नाही.

आम्हाला खरी धास्ती पासवर्डांची होती. शेकडो वापरकर्त्यांना ‘पासवर्ड बदला’ असे सांगणे म्हणजे आठवडाभर फोनवर बसणे. प्रत्यक्षात तपासले तेव्हा असे आढळले की फ्लास्क ज्या लायब्ररीवर उभे आहे ते वर्कझॉइग आमच्या आवृत्तीत पासवर्ड साठवण्याची जी पद्धत वापरत होते तीच, म्हणजे एसएचए-२५६ सह पीबीकेडीएफ२, जँगोही वापरते. फरक फक्त लिहिण्याचा: एक हॅश (पासवर्डचे उलट न फिरवता येणारे रूप) हेक्स या लिपीत ठेवते, दुसरे बेस-६४ मध्ये. सॉल्ट (पासवर्डात मिसळलेली यादृच्छिक अक्षरे) आणि हॅश काढण्याच्या फेऱ्यांची संख्या तशीच ठेवून रूपांतर करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि कोणालाही काही कळले नाही.

घोटाळा झाला तो जिथे आम्ही पाहिलेच नव्हते तिथे. जुन्या प्रणालीत सर्व्हरचे घड्याळच भारतीय वेळेवर होते. जँगोत टाइमझोन चालू ठेवल्यावर ‘टाइमझोन डॉट नाऊ’ ही आज्ञा युटीसी (जागतिक प्रमाण) वेळ देते, आणि मी त्यातूनच थेट तारीख काढली होती. भारतीय वेळ युटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्याने पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद आदल्या दिवसाच्या तारखेने पडू लागली. ११ तारखेला ५ वाजून १० मिनिटांनी आलेले दूध १० तारखेचे झाले, म्हणजे थेट आधीच्या, संपलेल्या दहा दिवसांच्या बिलात गेले. चाचण्या आम्ही कचेरीच्या वेळेत घेत होतो, आणि त्या वेळेत हा दोष दिसणे शक्यच नव्हते.

“साहेब, सगळ्यात आधी येणाऱ्यांचीच बिलं कशी चुकली?” या एका सचिवांच्या फोनवरून उलगडा झाला. स्थानिक वेळेची तारीख देणारे जँगोचे ‘लोकलडेट’ वापरून दुरुस्ती एका ओळीची ठरली. नोंदीची मूळ वेळ टेबलात असल्यामुळे तारखाही पुन्हा काढता आल्या. मात्र छापलेली आणि वाटलेली बिले परत घेता आली नाहीत. फरकाच्या रकमा पुढच्या बिलात समायोजित कराव्या लागल्या आणि तो हिशेब मी स्वतः संस्थेत बसून प्रत्येक सभासदाला समजावला.

आता पहाटे ५ वाजून १० मिनिटांचे घड्याळ लावूनच आमच्या चाचण्या चालतात. त्याशिवाय नवी आवृत्ती चढवली की दुसऱ्या दिवशी आमच्यापैकी एकजण पहिली किटली यायच्या आत संस्थेच्या दारात उभा असतो.