कोपऱ्यातलं बघणं

"काका, लेन्स गेली तुमची."

काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररी टिपत होतो. शेजारी उभ्या कॉलेजच्या मुलाने फोटो बघायला मागितला, स्क्रीनवर मोठा केला आणि थेट कोपऱ्यात गेला. तिथं दगड विस्कटलेले, कडेला जांभळट छटा. मधल्या कमानी, मालाडच्या दगडाचा तो पिवळा रंग किती सुरेख आलाय, तिकडे त्याची नजरच वळली नाही.

लेन्स ठणठणीत आहे. ३५ मिमीची ज्युपिटर-१२, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या झाइस बायोगॉन या जर्मन लेन्सवर बेतलेली सोव्हिएत लेन्स. ती रेंजफाइंडर, म्हणजे लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून बघायच्या फिल्म कॅमेऱ्यांसाठी बनली. त्यांत हलणारा आरसा नसतो, म्हणून तिची मागची काच फिल्मच्या अगदी जवळ जाते आणि कडेचे किरण फार तिरपे पडतात. फिल्मला ते चालायचं. माझ्या मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात, फिल्मच्या जागी असलेल्या सेन्सरसमोर सुमारे २ मिमीची काच आहे. तिरपे किरण तिच्यातून जाताना सरकतात, कोपरे बिघडतात. लायका या जर्मन कंपनीने आपल्या डिजिटल एम रेंजफाइंडर कॅमेऱ्यांत ही काच मुद्दाम पातळ ठेवली, ती यासाठीच.

हे त्याला सांगितलं. त्याने मनापासून ऐकलंही, गुणी पोरगा.

तरी सलत राहिलं. ही लेन्स बनली तेव्हा लोक छापलेला फोटो हातात धरून अख्खा बघायचे. आता आपण आधी दोष शोधतो, मग चित्र बघतो. फोटोतली माणसं, ऊन, सावल्या थांबून राहतात.

मुंबईत कुणी सेन्सरसमोरची काच पातळ करून घेतलीय का? कोपरे खरंच सुधारतात?