शिबंदी किती ठेवायची?

‘सिव्हिलायझेशन ४’ या संगणकावरच्या राज्य उभारण्याच्या खेळात धनुर्धाऱ्याइतका दुर्लक्षित इसम नाही. शहर वसलं की त्याला तिथे बसवायचा, ‘फोर्टिफाय’ करायचं (जागीच ठाण मांडायचा हुकूम द्यायचा) आणि विसरून जायचं. जागचा न हलल्याबद्दल दर टर्नला, म्हणजे खेळातल्या दर पाळीला, त्याचं बळ ५ टक्के वाढतं, २५ टक्क्यांवर तेही थांबतं. सगळं घर लग्नाला गेल्यावर मागे राहिलेल्या आजोबांसारखा हा. त्यांच्यामुळे चोरी झाली नाही, हे कुणी मोजत नाही.

माझा भाचा त्याला ठेवतच नाही. “मामा, तू नुसते पगार वाटत बसतोस,” म्हणतो. पगाराचं खरं आहे. ठरावीक संख्येपलीकडे प्रत्येक तुकडीमागे खजिन्यातून मोहरा जातात. त्याची सगळी फौज मोहिमेवर. मागची रयत संरक्षणाच्या नावानं ओरडते, आणि एखादा चुकार घोडेस्वार सरळ वेशीतून आत शिरतो.

माझं गणित वेगळं आहे. शिबंदीनं, म्हणजे शहर राखणाऱ्या शिपायांनी, लढाई जिंकायची नसते, फौज परतेपर्यंत तग धरायचा असतो. म्हणजे शिपाई मोजण्याआधी अंतर मोजायला हवं. या खेळात शत्रूच्या मुलखातले रस्ते आपल्या उपयोगाचे नाहीत. पायदळ टर्नला नकाशावरचं एक घर सरकतं. चार घरं आत शिरलात की नुसतं सरहद्दीवर यायलाच चार टर्न. तेवढं ज्या शहराला पेलायचंय तिथे तिघे-चौघे, आतल्या शहरात एक पुरे. (समुद्राकाठची शहरं मात्र आतली समजू नयेत. गलबतातून कोण उतरेल, नेम नाही.)

पुण्यात राहून दाखला शोधायला लांब कशाला जायचं? १७६३ साली माधवराव आणि राघोबादादा निजामाच्या मुलखात फौज फिरवत होते. निजामानं त्यांचा पाठलाग सोडला आणि थेट पुणं गाठलं. शनिवारवाड्याला तट होता, पण शहराला धड तटबंदी नव्हती. पुणं लुटलं, जाळलं.

“आणि ऑगस्टमध्ये राक्षसभुवनला कोण जिंकलं?” भाच्यानं विचारलं. “शहर राखायला अर्धी फौज इथे अडकली असती, तर पेशवे जिंकले असते?”

पोरगं वाचतं, ही एक पंचाईतच. शिवाय खेळात त्याच्या कॅटपल्टनं (दगड फेकणाऱ्या यंत्रानं) माझी उरलीसुरली घमेंडही उतरवली. एका शहरात दाटीवाटीनं शिपाई कोंबले, की एकाच कॅटपल्टच्या हल्ल्यात बरेचसे एकदम घायाळ होतात. तेव्हा हल्ली मी शहरात दोघेच ठेवतो आणि तीन शहरांच्या मधल्या रस्त्यावर घोडेस्वारांची एक टोळी. आपल्या हद्दीतला रस्ता, त्यामुळे हाक आली की ते लगेच हजर.

“आणि त्यांचा पगार?” भाचा विचारतो. तो खजिन्यातूनच. विज्ञानाला जरा कमी देतो.