मान दुखेपर्यंत : मौर्यच्या लॉबीतली मिरवणूक

दिल्लीत तीन दिवस होतो. त्यातले अडीच लग्नात गेले. छोले बरे होते, एवढंच सांगण्यासारखं. उरलेला अर्धा दिवस सरदार पटेल मार्गावरच्या आयटीसी मौर्य हॉटेलच्या लॉबीत, छताकडे बघत काढला. मुक्काम करोल बागेतल्या लॉजमध्ये होता, हे आधीच कबूल करतो. पंचतारांकित हॉटेलातली चित्रं बघायला तिथे खोली घ्यावी लागतेच असं नाही. लॉबीतली चित्रं एका चहात बघून होतात. अर्थात त्या चहाच्या पैशात करोल बागेत दोन वेळचं जेवण झालं असतं.

लॉबीचं हे छत चित्रकार कृष्ण खन्नांनी रंगवलेलं आहे. नाव ‘द ग्रेट प्रोसेशन’, म्हणजे मोठी मिरवणूक. १९८०च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत ते या कामावर होते आणि त्याला साधारण चार वर्षं लागली. खन्ना मूळचे बँकवाले. ग्रिंडलेज बँकेतली नोकरी त्यांनी १९६१ मध्ये सोडली आणि पूर्णवेळ चित्रं काढू लागले. त्याआधी काही काळ ते मुंबईत होते. प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या (हुसेन, रझा, सूझा वगैरे चित्रकारांचा गट) मंडळींशी त्यांचं नातं तिथलंच, आणि टीआयएफआर या मुंबईतल्या विज्ञान संशोधन संस्थेसाठी होमी भाभांनी त्यांचं चित्र विकत घेतलं तेही त्याच सुमाराला.

लॉबीची रचना बौद्ध चैत्यगृहावरून, म्हणजे लेण्यांतल्या कमानदार छताच्या प्रार्थनागृहावरून, घेतली आहे. हे माहिती नसेल तर ते छत नुसतंच भपकेबाज वाटेल. पण कार्ल्याच्या चैत्यात एकदा जरी मान वर केली असेल, तर इथे पहिल्या मिनिटातच ओळख पटते. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच, आणि छताला लाकडी फासळ्या. त्या फासळ्या वजन पेलत नाहीत, कारण छत मुळात डोंगराचंच आहे. लाकडी बांधकामाची सवय असलेल्या कारागिरांनी ती सवय दगडातही सोडली नाही. मौर्यात लाकूड तसंच वर दिसतं, फक्त मधली जागा रिकामी न सोडता माणसांनी भरली आहे.

आणि माणसं किती! जातककथा आहेत, पंचतंत्र आहे, पण माझी नजर अडकली ती रस्त्यावरच्या माणसांवर. बँडवाले आणि ट्रकवरचे मजूर हे खन्नांचे आयुष्यभराचे विषय; त्यांचे ते कॅनव्हास आधी पाहिले असतील तर इथे चेहरे नवे वाटत नाहीत. आपल्याला मिरवणूक म्हटलं की वारी आठवते, आणि वारीला पंढरपूर असतं. इथे कोण कुठे निघालंय ते कळत नाही. खाली मात्र सगळे एका ठिकाणी निघालेले असतात, रिसेप्शनकडे. हॉटेलातल्या बुखारा रेस्टॉरंटच्या टेबलासाठी ताटकळणारी माणसं फोन बघतात. दोन तासांत वर बघणारे मी चारच मोजले, आणि त्यातला एक एसीच्या झडपेकडे बघत होता.

आता बघायचं कसं, ते. उभ्याने बघू नका, पाच मिनिटांत मानेला रग लागते आणि मग आपण चित्र ‘बघून झालं’ असं ठरवतो. पाठ उंच असलेला सोफा शोधा, डोकं टेकवा. हातात छोटा आरसा असेल तर उत्तम. मांडीवर आडवा धरून त्यात छत बघता येतं, फक्त डावं-उजवं उलटं दिसतं हे विसरू नका. आरसा बाळगायला लाज वाटत असेल तर फोन टेबलावर पालथा न ठेवता उताणा ठेवा, पुढचा कॅमेरा चालू करा, तीन सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला सरका. फोन सपाट असतो म्हणून फोटोतल्या कडा तिरक्या येत नाहीत, जे हातात धरून कधीच जमत नाही. दिवे चौकटीत आले की चित्र काळं पडतं किंवा दिवे पांढरे फुटतात. दिवा चौकटीबाहेर राहील असं फोन थोडा सरकवा. रुंद लेन्सचा मोह टाळा, कडेची माणसं ओढल्यासारखी लांब होतात. तपशील बघायला आठ पटीची छोटी दुर्बीण पुरते. मी दुर्बीण काढली तेव्हा एक कर्मचारी चौकशीला आला. छत बघतोय म्हटल्यावर हसला. तरी आधीच विचारलेलं बरं. फ्लॅश आणि तिपाई बहुतेक हॉटेलांत चालत नाहीत.

वेळ दुपारी चारच्या पुढची, संध्याकाळच्या आधीची. सकाळी खोल्या सोडणाऱ्यांची गर्दी, दुपारी बॅगांच्या ट्रॉल्या, आणि लगीनसराईत सात वाजल्यानंतर लॉबी तुमची राहत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष दिल्लीत आले की बरेचदा इथेच उतरतात. क्लिंटन, ओबामा, ट्रम्प सगळे इथे राहून गेले. असा पाहुणा शहरात असेल तर बेत सरळ रद्द करा, कारण फाटकापर्यंतसुद्धा पोचणार नाही. एरवी एअरपोर्ट मेट्रोने धौला कुआँला उतरून रिक्षा करा.

निघण्याआधी शिल्पकार मीरा मुखर्जींचा अशोकाचा पुतळा कुठे आहे ते विचारा, कारण तो लॉबीत नाही, बाहेर बागेच्या बाजूला आहे आणि कोणी आपणहून सांगत नाही. कलिंगच्या युद्धानंतरचा अशोक, ब्राँझमधला, ११ फुटांहून उंच. मुखर्जी म्युनिकला शिकल्या, पण ओतकामाची त्यांची खरी शाळा बस्तरची. तिथले घडवे, म्हणजे धातूच्या मूर्ती ओतणारे कारागीर, मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळतात, वरून मातीचा लेप देतात, भाजल्यावर मेण वाहून जातं आणि त्या पोकळीत धातू उतरतो. म्हणून दोऱ्याचा प्रत्येक वळसा धातूवर रेघ म्हणून राहतो. बस्तरमध्ये हे हातभर मूर्तीला करतात. इथे तेच दोन माणसांच्या उंचीला केलं आहे, आणि एवढा पुतळा एका ओतीत निघत नाही. तुकड्यातुकड्यांत ओतून जोडावा लागतो. सांधे शोधत मी दोन फेऱ्या मारल्या आणि हरलो.

आपल्याकडे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलमध्येही हुसेन, गायतोंडे यांची चित्रं आहेत. पण तिथला बराचसा संग्रह वरच्या मजल्यांच्या बोळांत आहे. तिथे मुक्काम असेल तर इमारत दाखवणाऱ्या फेरीची चौकशी करा, नुसता चहा पुरणार नाही. गोव्यातल्या एका हॉटेलात (नाव घेत नाही) एका चांगल्या चित्रासमोर ख्रिसमसचं झाड उभं केलेलं पाहिलं होतं, तेही फेब्रुवारीत.

अशोकासाठी ऊन तिरकं हवं. भर दुपारी रेघा सपाट होतात आणि पुतळा नुसता मोठा दिसतो. पाचच्या सुमारास बाजूने ऊन आलं की मेणाचा एकेक दोरा मोजता येतो. म्हणून आधी छत, मग बाग.