नागपूरचा सरासरी चेहरा

अनोळखी माणसांचे फोटो काढायचे, ते एकावर एक ठेवायचे आणि शहराचा एकच चेहरा तयार करायचा, हे खूळ डोक्यात घेऊन मी नागपूरला उतरलो. खूळ जुनंच आहे. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८७० च्या दशकात गुन्हेगारांचे चेहरे फोटोच्या एकाच काचेवर उमटवून ‘गुन्हेगारी चेहरा’ शोधू पाहिला होता. झालं उलटंच. चेहरे मिसळत गेले तसा त्यांच्यातला गुंडपणाच पुसला गेला!

नागपूर निवडलं, कारण इथे सगळेच बाहेरून येऊन इथले झालेले. गोंड राजा बख्त बुलंदने १७०२ च्या सुमारास शहर वसवलं, मग भोसले आले, मग इंग्रज. १९५६ पर्यंत ही आधी मध्य प्रांताची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी, त्यामुळे हिंदी घराघरांत मुरलेली. फाळणीनंतर सिंधी जरीपटका भागात स्थिरावले.

पद्धत सोपी. सावलीत उभं करायचं, कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत, मागे कोरी भिंत. भिंतीचा आग्रह यासाठी की थर रचताना मागचा पसारा आड येतो.

आणि नेमकी ती भिंतच कुणाला नको होती.

इतवारीत एका हमालाला विचारलं. तो हो म्हणाला, खिशातून छोटा कंगवा काढला, हातगाडीच्या दांड्यावर ओला हात फिरवून तोच केसांवर फिरवला आणि गाडीला टेकूनच उभा राहिला. भिंतीकडे या म्हटलं तर म्हणे, “गाडी नाही आली तं मी कोन हाय ते कसं समजन?” बर्डीतल्या तर्री-पोहेवाल्याला पातेलं हवं होतं, लाल तवंग दिसेल असं. दीक्षाभूमीवर पांढऱ्या लुगड्यातल्या एक आजी भेटल्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दिवशी, त्या वडिलांच्या खांद्यावर बसून इथेच आल्या होत्या म्हणे. त्यांनी तर मलाच हलवलं. “तू मांगं सरक बाप्पा, स्तूप पुरा आला पायजे.” सरकलो. चेहरा इवलासा आला, घुमट पूर्ण आला. माझ्या हिशेबात फोटो बाद, पण सगळ्यांत आवडता तोच.

मोमिनपुऱ्यात काही जणांनी स्वच्छ नकार दिला. त्यांचं बरोबरच आहे. कुणीही कॅमेरा घेऊन गल्लीत शिरावं आणि लोकांनी उभं राहावं, असा नियम थोडाच आहे?

रात्री लॉजवर थर रचले. खालचा फोटो १०० टक्के ठळक, वरचा ५०, मग ३३, मग २५, म्हणजे प्रत्येकाचा वाटा सारखा. डोळे जुळवले. सुरकुत्या गेल्या, देवीचे व्रण गेले, मिशा धुरकट झाल्या. उरला एक गुळगुळीत, तिशीतला, विम्याच्या जाहिरातीत शोभेल असा इसम. गाडी, पातेलं, स्तूप तर आधीच कापून टाकलेले. लोकांनी स्वतःबद्दल जे सांगितलं होतं, ते सगळं त्या कात्रीखाली गेलं होतं. गणित चोख होतं, शहर मात्र त्यात नव्हतं.

सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर मोबाईलमध्ये दाखवला. पोहेवाल्याने झारा बाजूला ठेवून नीट पाहिला. “हा कोन होय जी? इकडचा तं नाही वाटत.” मग स्वतःचा फोटो व्हॉट्सॲपवर मागितला, पातेल्यासकट.