लाइव्ह रॉकची निवड : नव्या समुद्री टँकचे पहिले ११ आठवडे

टँक १२० × ४५ × ४५ सें.मी.चा, खाली सँप, म्हणजे फिल्टरची जोडटाकी. वाळू आणि खडकाची जागा वजा करता मुख्य टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी साधारण २०० लिटर. मासे कोणते, कोरल कोणते हे नंतरही ठरवता येतं आणि बदलताही येतं. खडक मात्र एकदा रचून वाळू पसरली, की त्याला पुन्हा हात लावायचा म्हणजे सगळा टँक उपसायचा. म्हणून या वेळी पहिले दोन आठवडे मी खडकाशिवाय दुसऱ्या कशाचाही विचार केला नाही.

लाइव्ह रॉक म्हणजे समुद्रातून काढलेला, जीवजंतूंची वस्ती असलेला खडक. तो टँकचा मुख्य फिल्टर, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहेच. जाकार्तात ली चिन एंग यांनी नुसता रीफवरचा खडक, वाळू आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टँक चालवून दाखवले, त्याबद्दल त्यांनी १९६१ मध्ये लिहिलं. पुढे बर्लिन पद्धतीत त्याला स्किमरची, म्हणजे बुडबुड्यांनी पाण्यातली घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राची, जोड मिळाली. तत्त्व तेच राहिलं : खडकाच्या पृष्ठभागावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि आत खोलवर जिथे प्राणवायू पोचत नाही तिथले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. म्हणजे खडक आतून जितका सच्छिद्र, तितका तो कामाचा.

इथेच जुना नियम मला पटत नाही. लिटरमागे १२० ते २४० ग्रॅम खडक घ्या, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. त्या हिशेबाने मला २४ ते ४८ किलो लागला असता. पण वजनावरून छिद्रं कळत नाहीत, उलट जड खडक म्हणजे बहुधा भरीव खडक. मग मी ड्राय रॉकचे, म्हणजे जीव नसलेल्या कोरड्या खडकाचे, तुकडे पाण्यात भिजवून पाहिले. पद्धत अगदी सोपी आहे. तुकडा पूर्ण वाळलेला असताना वजन करायचं, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचा, अडकलेली हवा निघावी म्हणून मधे दोनतीनदा उलटापालटा करायचा, सकाळी मिनिटभर निथळू द्यायचा आणि पुन्हा वजन करायचं. एक तुकडा २.१ किलोचा होता, त्याने ३४० ग्रॅम पाणी धरलं. दुसरा २.३ किलोचा, दिसायला फारच देखणा, कमानीसारखा. त्याने धरलं जेमतेम ९० ग्रॅम. रीफचा खडक मुख्यतः अ‍ॅरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा, आणि त्याची घनता २.९ च्या आसपास. त्यावरून हिशेब केला तर पहिल्यात सुमारे ३२ टक्के पोकळी, दुसऱ्यात १० टक्के. कमान मी परत केली. मनाला लागलं, पण दिसतं तसं नसतं, म्हणून तर वजनकाटा काढला होता.

शेवटी १७ किलोवर थांबलो : १३ किलो ड्राय, ४ किलो लाइव्ह.

सगळा लाइव्ह का नाही? एक कारण म्हणजे नको असलेले पाहुणे, त्याबद्दल पुढे लिहितो. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. समुद्रातून काढलेला खडक हा रीफचाच भाग असतो. धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये तो येतो, आणि एके काळी छंदिष्टांचा लाडका पुरवठादार असलेल्या फिजीने २०१७ च्या अखेरीस कोरलसोबत त्याचीही निर्यात थांबवली. जिथे ४ किलोत भागतं तिथे रीफवरून १७ किलो आणणं मला योग्य वाटत नाही.

मग सगळा ड्राय का नाही? बाटलीतले जिवाणू अमोनियाची सोय लावतात, हे खरं. पण इवलेसे कवचधारी कोपेपॉड, अ‍ॅम्फिपॉड, बारीक किडे, स्पंज, खडकावर जांभळा-गुलाबी कडक थर धरणारं कोरलाइन शैवाल हे सगळं बाटलीत येत नाही. निव्वळ ड्राय रॉकवर सुरू केलेल्या टँकमध्ये डायनोफ्लॅजेलेट्स या एकपेशीय जिवांचा तपकिरी, बुडबुड्यांचा चिकटा महिनोन्‌महिने ठाण मांडून बसलेला मी पाहिला आहे. मोकळी जागा दिसली की कोणीतरी येऊन बसणारच. तिथे आधी चांगली वस्ती व्हावी, एवढ्यासाठी ते ४ किलो.

लाइव्ह तुकडे निवडताना आधी वास घेतला. नीट क्युअर झालेल्या, म्हणजे मेलेलं सगळं कुजून निघून गेलेल्या, खडकाला समुद्राचा, ओल्या वाळूचा वास येतो. सडक्या अंड्यासारखा किंवा कुजल्यासारखा वास आला, तर आत काहीतरी मेलेलं आहे. मग पांढुरका, बुळबुळीत थर आहे का ते पाहिलं, कारण मरणारा स्पंज असाच दिसतो. नंतर तुकडा हातात तोलला. आकाराच्या मानाने हलका लागला की घ्यायचा म्हणून बाजूला काढला. जांभळ्या रंगाकडे मी मुद्दाम दुर्लक्ष केलं. जांभळा रंग दिलेला कृत्रिम खडकही मिळतो, आणि खरं कोरलाइन असलं तरी नखाएवढा ठिपका पुरतो. कॅल्शियम, अल्कलिनिटी आणि मॅग्नेशियम जागेवर असलं की ते आपोआप पसरतं.

खडक पाण्यात बुडवूनच आणला. ओल्या कागदात गुंडाळून आणण्याची जुनी पद्धत चालते, पण हवा लागलेले स्पंज हमखास मरतात आणि मग क्युअरिंग लांबतं.

आठवडा २ ते ६, क्युअरिंग

लाइव्ह तुकडे ६० लिटरच्या पिंपात : २६ अंश, विशिष्ट गुरुत्व १.०२५, एक पॉवरहेड (पाणी फिरवणारा पंप), अंधार. तिसऱ्या दिवशी अमोनिया १ पीपीएम. इथे बरेच जण म्हणतात, चढू द्या, जिवाणूंना खाद्य मिळतं. पण ज्या जीवांसाठी मी लाइव्ह रॉक घेतला तेच अमोनियाने मरणार असतील तर काय उपयोग? निम्मं पाणी बदललं. पाचव्या दिवशी पुन्हा ०.५, पुन्हा बदललं. अकराव्या दिवसापासून शून्य.

चौथ्या रात्री पिंपातून टक्‌ टक्‌ आवाज आला. मॅन्टिस श्रिम्प हा खडकात दडणारा शिकारी असणार, असं लगेच वाटलं. कोणत्या तुकड्यात ते कळायला दोन रात्री गेल्या. मग तो तुकडा बादलीवर भोक खाली करून धरला आणि १.०३५ चं खारं पाणी सिरिंजने आत सोडलं. तिसऱ्या प्रयत्नात अंगठ्याएवढा प्राणी बादलीत पडला. आता तो वेगळ्या छोट्या टँकमध्ये आहे. प्राणी सुंदर आहे, फक्त माशांच्या सोबतीला नको. टँकभर पसरणारे उपद्रवी सी अ‍ॅनिमोन, एप्टेशिया, तेही दोन सापडले. ते खरवडायचे नाहीत, उरलेल्या कणातूनसुद्धा नवा उगवतो. दोन्ही एकाच टोकावर होते म्हणून छिन्नीने ते टोकच उडवलं. ब्रिसल वर्म भरपूर निघाले, ते सगळे ठेवले. उरलंसुरलं खाणारे सफाई कामगार आहेत ते, त्यांना मारू नका. हात घालताना मोजे घाला म्हणजे झालं.

ड्राय रॉकची कहाणी वेगळी. त्यात फॉस्फेट साठलेलं असतं आणि ते हळूहळू सुटतं. आरओडीआय (गाळून क्षार काढलेल्या) पाण्यात आठवडाभर ठेवल्यावर ०.४ पीपीएम आलं. पाणी बदलत गेलो, चौथ्या बदलानंतर ०.०८. आम्लात धुण्याचा जलद मार्ग आहे, पण वाफा वाईट आणि मला घाई नव्हती.

आठवडा ७, रचना

खडक थेट तळाच्या काचेवर बसवला, वाळू नंतर घातली. वाळूवर ठेवलेला खडक एखाद्या बिळं करणाऱ्या माशाने खालून पोखरला की कोसळतो. प्रत्येक तुकडा तीन टेकूंवर, सांधे सायनोअ‍ॅक्रिलेट जेल आणि इपॉक्सी पुटीने जोडलेले. मागच्या काचेपासून ८ सें.मी., पुढच्या काचेपासून १२ सें.मी. अंतर सोडलं, म्हणजे काच पुसायचा मॅग्नेट फिरतो आणि मागे घाण साचत नाही. लाइव्ह तुकडे एकत्र न ठेवता ड्राय खडकाच्या मधेमधे, आणि जिथे प्रवाह मध्यम आहे तिथे.

आठवडा ८ ते ११

अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर नेला. हे टँकमध्ये मासे नसतानाच, आणि नव्या खडकावर जिवाणू किती बसलेत ते पाहण्यासाठी. पहिल्या वेळी शून्यावर यायला चार दिवस, दहा दिवसांनी दुसऱ्या वेळी २४ तासांत. नायट्राइट जास्त रेंगाळलं. समुद्री पाण्यात क्लोराइडमुळे त्याचा माशांना फारसा त्रास होत नाही, पण नायट्रेटची टेस्ट ते बिघडवतं. मला नायट्रेट ५० दिसत होतं, नायट्राइट संपल्यावर तेच १५ निघालं. नायट्राइट असताना नायट्रेटच्या आकड्यावर पाणी बदलायचा निर्णय घेऊ नका.

नवव्या आठवड्यात वाळूवर डायटम या सूक्ष्म शैवालाची तपकिरी पूड आली, आपोआप ओसरतेय. काल रात्री टँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च लावला, तर काचेवर पांढरे ठिपके धावत होते : कोपेपॉड. डावीकडच्या मोठ्या ड्राय तुकड्यावरही होते, आणि तो तुकडा लाइव्ह खडकापासून ३० सें.मी. लांब आहे. कोरलाइन मात्र अजून तिकडे पोचलेलं नाही, फक्त पॉवरहेडच्या जाळीवर एक गुलाबी ठिपका आहे.

सध्याचे आकडे : अल्कलिनिटी ८.४ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०, फॉस्फेट ०.०५. उजवीकडचा वरचा तुकडा बोटाने ढकलला तर किंचित हलतो. पहिला मासा आणण्याआधी तो काढून नव्याने चिकटवायचा आहे.