सव्वीस वेळा तेच

आजीला वाचता येत नव्हतं. तरी बायबलमधलं १३६वं स्तोत्र ती आमच्यापेक्षा सरळ म्हणायची. चर्चमध्ये पाळक वचनाचा पहिला भाग वाचत आणि मंडळी म्हणत असे, "त्याची दया सनातन आहे." सव्वीस वचनं, सव्वीस वेळा. घरी ती तांदूळ निवडत बसली की मी पहिला भाग वाचायचे. खडा बोटानं ताटाच्या कडेला सरकवायचा आणि दुसरा भाग म्हणायचा, असा तिचा ठेका असे. ऐकून ऐकून पुढे पहिला भागही तिला येऊ लागला, सीहोन आणि ओग या राजांच्या नावांसकट.

आता रविवारी मुलांना मी शिकवते. गेल्या वर्षी वेळ कमी होता म्हणून धृपद गाळलं आणि नुसते पहिले भाग वाचून घेतले. पुढच्या रविवारी विचारलं, तर सूर्य, चंद्र, तांबडा समुद्र, सगळ्याची सरमिसळ! त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. अजून वाचता न येणारी चार-पाच लहानगी त्या दिवशी गप्प बसून होती. त्यांना येणारी एकमेव ओळ मी काढून घेतली होती.

घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडणारे खूप भेटतात. कुणी मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या सहाव्या अध्यायातलं, प्रार्थनेत "व्यर्थ बडबड" करू नका, हे येशूचं सांगणं पुढे करतं. पण त्याच शुभवर्तमानात, सव्विसाव्या अध्यायात, अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत येशू तिसऱ्यांदा प्रार्थनेला जातो तेव्हा पुन्हा तेच शब्द बोलतो. जीव कासावीस झालेला असताना नवे शब्द कुठून आणायचे? मला तरी ती जागा वाचताना दर वेळी थांबावं लागतं.

आता स्तोत्र चार रविवारांत वाटून घेतो आणि दर वेळी पहिल्या वचनापासून सुरू करतो. एका बैठकीत रेटण्यापेक्षा दिवस मध्ये टाकून केलेली उजळणी जास्त टिकते, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. पाढे शिकवणाऱ्या आमच्या बाईंनाही ते ठाऊक होतं.

तिसऱ्या रविवारी एक मुलगी दहाव्या वचनाशी अडली. देवानं मिसर देशातल्या घराघरांतली पहिली मुलं मारली, आणि लगेच दया? "ताई, इथे पण म्हणायचं?" पहिल्या दोन रविवारी तिनं ते सहज म्हटलं होतं. मी तिला घाईनं उत्तर दिलं नाही. त्यामुळे मिसरमधल्या इस्राएली गुलामांची सुटका झाली हे सांगितलं, आणि मेलेल्या मुलांचं मलाही वाईट वाटतं, हेही सांगितलं.

त्यानंतर ती दहाव्या वचनाला धृपद हळू म्हणते, जवळजवळ ओठांतच. पंचविसाव्याला, सर्व प्राण्यांना अन्न देणाऱ्या देवाशी पोहोचलो, की तिचा आवाज पुन्हा सगळ्यांच्या वर जातो.